मामांचा ठिपका

भाचीच्या लग्नाला आपण सायकलवरून जाणार, असं गोरक्ष गायधनीने जेवता जेवता जाहीर केलं, तेव्हा स्नेहाच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची ती ओट्यावर पडली.

"कुठवर?" तिने विचारलं.

"कुठवर म्हणजे? चांदवडपर्यंत. थेट मांडवात."

"अहो, तुम्ही नवरीचे मामा. मामाने गाडीतून उतरावं, फेटा सावरत यावं. घामाने निथळत येतो का कुणी मामा?"

"फेटा तू गाडीतून आण. मी वेळेच्या आधी तासभर पोचतो की नाही बघ."

गोरक्ष एका सरकारी कार्यालयात नकाशे काढायच्या कामाला होता. कालवे, चाऱ्या, प्रस्तावित रस्ते अशा रेघा कागदावर ओढता ओढता त्याचा पक्का समज झाला होता, की रेघ आधी येते आणि जमीन मागाहून. डॉक्टरांनी पोट कमी करायला सांगितलं म्हणून त्याने सायकल घेतली आणि पोट कमी व्हायच्या आत हँडलवर बसवायचा जीपीएस घेतला. घरी बसून मार्ग आखायचा, तो त्या चिमुकल्या यंत्रात भरायचा, की पडद्यावर जांभळी रेघ उमटे. आपण फक्त रेघेवरून पायडल मारायचं. वळण आलं की यंत्र टीं करी, चुकलं की टींटीं करी. ते घरात आल्यापासून गोरक्षने जिवंत माणसाला रस्ता विचारणं सोडून दिलं होतं. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला जातानाही हे मार्ग आखतात, असं स्नेहा शेजारणींना सांगे, आणि त्यात अतिशयोक्ती फार थोडी होती.

आता नाशिकहून चांदवडला जायचा मार्ग आखावा लागतो म्हटलं, तर आडगाव नाक्यावरची म्हैसही हसेल. आग्रा रोड धरायचा आणि नाक समोर ठेवायचं. ओझर जातं, पिंपळगाव जातं, चांदवड येतं. पण गोरक्षने तीन संध्याकाळी लॅपटॉपसमोर घालवल्या. पिंपळगावच्या पुढे हायवे सोडायचा, द्राक्षबागांतून जायचं आणि मग कालव्याच्या कडेच्या रस्त्याने, सावलीसावलीने चांदवड गाठायचं, असा बेत ठरला. हा कालव्याचा रस्ता त्याने ऑफिसच्या नकाशात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. अ‍ॅप मात्र तिथून जायला काही केल्या तयार होईना. दर वेळी ते रेघ हायवेवर नेऊन टाकी. शेवटी गोरक्षने अ‍ॅपचा नाद सोडला आणि तेवढ्या पट्ट्यात हाताने रेघ ओढली. रेघ सुंदर आली. पंधरा वर्षांचा हात होता.

आदल्या दिवशी ताईचा फोन आला. रोहिणीताई म्हणजे त्याची थोरली बहीण, नवरीची आई.

"गोरख, तू सायकलवर येतोयस म्हणे?"

"ताई, काळजी करू नको."

"काळजी कशी नको? निकिता म्हणते, मामा आल्याशिवाय मी मांडवात पाऊल टाकणार नाही. आणि आमचे व्याही तुला माहितीयत. साखरपुड्याला चहा जरा कोमट निघाला, ते अजून काढतात."

ताईचं खरं होतं. त्या भागातलं साडेबाराचं लग्न साडेबाराला लागल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. पण उशीर नवरदेवाकडच्यांच्या नाचण्यामुळे झाला तर त्याला हौस म्हणतात आणि मुलीकडच्यांमुळे झाला तर तो तीन पिढ्या लक्षात ठेवतात. निकिताला आयुष्य त्याच घरात काढायचं होतं. पहिल्याच दिवशी तिच्या माहेरचं नाक कापलं गेलं असतं, आणि सुरी मामाच्या हातात असती.

"मी लिंक पाठवतो," गोरक्ष म्हणाला. "यंत्र फोनला सांगतं, फोन तुम्हाला सांगतो. नकाशावर निळा ठिपका दिसेल. ठिपका जिथे, तिथे मी. लहान पोरालाही कळेल."

ही लिंक त्याने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. ग्रुपवर आता होणारा जावई संतोषही होता. त्याने लगेच अंगठा दाखवला.

लग्नाच्या दिवशी उजाडता उजाडता गोरक्ष निघाला. अंगात पोपटी रंगाची जर्सी, खाली सायकलवाले घालतात ती तंग काळी चड्डी, डोक्याला हेल्मेट. फोन सायकलच्या नळीला बांधलेल्या पिशवीत, कारण यंत्राला तो जवळ लागे. पिंपळगावपर्यंतचा प्रवास तर असा झाला, की आपण मामा नसून नवरदेवच आहोत असं त्याला वाटू लागलं. एका टपरीवर चहा पिऊन त्याने फोटो टाकला, चाळीस जणांनी हात जोडले, आणि यंत्राने टीं केल्याबरोबर त्याने हायवे सोडला.

सुरुवातीला डांबरी रस्ता होता. मग खडीचा झाला. मग गाडीवाट झाली, गाडीवाटेची पायवाट झाली आणि पायवाट एका कांद्याच्या शेतात जाऊन थांबली. जांभळी रेघ मात्र शेताच्या मधून दिमाखात पुढे जात होती. बांधावर एक म्हातारी कांद्याची पात कापत बसली होती. तिने पोपटी जर्सी खालपासून वरपर्यंत बघितली.

"कुणीकडं निघाला, दादा?"

"चांदवडला."

"चांदवड त्या अंगाला राहिलं. मागं फिरा."

"नाही आजी, हा कालव्याचा रस्ता आहे. सरळ जातो."

"कालवा?" म्हातारी विचारात पडली. मग तिने शेजारच्या वाफ्यात हाक मारली, "अगं फुलाबाई, हितं कालवा हाय का गं?"

"न्हाई बा," वाफ्यातून उत्तर आलं. "मोजणी तेवढी झाली व्हती. तुझा पोरगा पाळण्यात व्हता बघ, चतुराबाई."

"हां, तो व्हय. आता पोराच्या पोराचं बारसं झालं. सायेब लोक चुना टाकून गेले ते गेलेच."

गोरक्षला वाईट वाटलं. "मंजूर आहे तो कालवा," तो म्हणाला. "मी नकाशा पाहिलाय."

"मग मंजूर हाय तिथून जा," चतुराबाई म्हणाली आणि पुन्हा पात कापू लागली.

शहाण्या माणसाने इथे मागे वळायला हवं होतं. पण पंधरा वर्षं रेघा ओढलेला माणूस रेघ सोडेल कसा? गोरक्षने सायकल खांद्यावर घेतली आणि शेत ओलांडलं. पलीकडे बाभळी होत्या. बाभळीच्या काट्याला कालवा मंजूर आहे की नाही याच्याशी कर्तव्य नसतं. पुढचं चाक बसलं, त्याने ट्यूब बदलली. दहा पावलांवर मागचं बसलं, त्याला ठिगळ लावलं. तेवढ्यात पुढचं पुन्हा बसलं. आता जवळ ट्यूब नव्हती, ठिगळ नव्हतं आणि ऊन डोक्यावर चढत होतं. यंत्र अधूनमधून टीं करून सरळ जा म्हणत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या टींचा त्याला राग आला.

सायकल ढकलत तो कसाबसा एका कच्च्या रस्त्याला लागला, तोच मागून कांद्याने भरलेला पिकअप आला. चालवणाऱ्याने काच खाली केली. "भाऊ, असं उन्हात ढकलत कुठं? बसा की."

त्याचं नाव भिकन. तो लासलगावला मार्केटला निघाला होता.

"मला चांदवडला लग्नाला जायचंय. मी मुलीचा मामा आहे."

भिकनने त्याच्या चड्डीकडे पाहिलं. "मामा हाय?"

"कपडे तिकडे आहेत."

"बरं बरं. चौफुलीवर सोडतो, तिथून जीप मिळंल."

सायकल कांद्याच्या ढिगावर आडवी टाकली आणि दोघं निघाले. वाटेत गोरक्षने हाताने ओढलेल्या रेघेसकट सगळं भिकनला सांगून टाकलं. चौफुलीवर मात्र एकही जीप थांबेना. दाट लग्नतिथ होती. जीपच्या टपावरसुद्धा वऱ्हाड बसलेलं. शेवटी फेटा बांधलेले एक काका मोटरसायकलवरून आले. तेही चांदवडलाच, पण दुसऱ्या लग्नाला निघाले होते. "एकटे असाल तर बसा," ते म्हणाले. "सायकल कुठं ठेवू, डोक्यावर?"

गोरक्ष घुटमळला. भिकन म्हणाला, "मामा, तुम्ही व्हा पुढं. कांदा इकला का सायकल मी मांडवात आणून देतो. जेवण तर हायच ना?"

"आहे, आहे. दोनदा जेव," गोरक्ष म्हणाला आणि काकांच्या मागे बसला.

बरंच अंतर गेल्यावर वेळ बघायला म्हणून त्याने पाठीमागचा खिसा चाचपला. खिसा रिकामा होता. फोन सायकलच्या पिशवीत होता. यंत्र हँडलवर होतं. म्हणजे ठिपका कांद्यावर बसून लासलगावला निघाला होता. घरच्यांचे नंबर आठवायचा त्याने प्रयत्न केला. त्याला फक्त ऑफिसचा लँडलाइन आठवला.

मग त्याने स्वतःची समजूत घातली. पंधरा-वीस मिनिटांत आपण मांडवात असू. धडधाकट माणूस समोर उभा राहिल्यावर ठिपक्याकडे कोण बघतो?

लॉन्स जवळ आलं तसा लाउडस्पीकर ऐकू येऊ लागला. माइक नेहमीप्रमाणे गावातल्या एका निवृत्त मास्तरांच्या ताब्यात होता.

"मंडळींनी शांतता राखावी. मुलीचे मामा लासलगाव शिवेवर पोहोचले आहेत. त्यांचा वेग अतिशय चांगला आहे. दिशा तेवढी उलटी आहे."

काकांनी मान मागे वळवली. "काय येडं माणूस असंल हो हे."

"असतात," गोरक्ष म्हणाला.

तो मांडवात शिरला तेव्हा त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. पोपटी जर्सीमुळे लोकांना तो केटरिंगवाला वाटला. ताईचे यजमान, म्हणजे दाजी, एका खुर्चीवर फोन धरून बसले होते आणि त्यांच्या भोवती वीसेक डोकी वाकली होती.

"दाजी," गोरक्ष म्हणाला.

"थांब रे जरा. मामा विंचूरकडे वळतोय का मार्केटात शिरतोय ते बघू दे."

"दाजी, मी आलोय."

दाजींनी वर पाहिलं. मग फोनमध्ये पाहिलं. मग पुन्हा वर पाहिलं.

"तू तर लासलगावात आहेस," ते म्हणाले.

"मी इथे आहे."

"अरे, पण इथं दाखवतंय ना." त्यांनी फोन त्याच्यासमोर धरला. वाकलेल्या डोक्यांतून एकजण म्हणाला, "मोबाइल कशाला खोटं बोलंल?"

ताई धावत आली आणि तिने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला, की तो इथेच असल्याची सगळ्यात आधी त्यालाच खात्री पटली. "तुझ्याशी मी नंतर बोलते," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. स्नेहाने फक्त कपड्यांची पिशवी पुढे केली, आणि ते जास्त वाईट होतं.

पण मामा आला होता. मुहूर्ताला अजून दहा-बारा मिनिटं होती. मास्तरांनी घसा साफ केला. "अत्यंत आनंदाची बातमी. मामा एकाएकी हजर झाले आहेत. आता नवरदेवाने बोहल्यावर यावे."

नवरदेव आला नाही. मास्तरांनी पुन्हा पुकारलं. वाजंत्रीवाल्यांनी एकदा वाजवून पाहिलं. मग नवरदेवाची करवली रडवेल्या चेहऱ्याने पुढे आली.

"दादा मामांना आणायला गेलाय."

"कुठे?" व्याही ओरडले.

"ठिपक्याच्या मागं."

झालं होतं असं, की मामांचा ठिपका भलतीकडे निघालेला, फोन लावला तर कुणी उचलेना, म्हणून मांडवात पळापळ झाली. कुणीतरी जाऊन त्यांना आणायला हवं होतं, पण सगळ्या गाड्या एकमेकींच्या मागे अडकलेल्या. फाटकाशी मोकळी उभी होती ती फक्त नवरदेवाची फुलांनी मढवलेली मोटार. संतोषने कुणाला न विचारता चावी घेतली आणि मुंडावळ्यांसकट निघाला.

व्याह्यांनी त्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"अरे, मामा आलेत इथं. परत ये."

"नाही पप्पा, मामा माझ्या पुढेच आहेत. अगदी पन्नास पावलांवर. ते मार्केटात शिरले, मी पण शिरलो."

गोरक्षने फोन घेतला. "संतोषराव, मी गोरक्षमामा बोलतोय. मी मांडवात आहे."

"मामा, उन्हाचा त्रास होतोय का तुम्हाला?" संतोष काळजीने म्हणाला. "जागचे हलू नका. मी पोचलोच."

पाच मिनिटांनी त्याचाच फोन आला. आवाज पडलेला होता. "सायकल सापडली. कांद्यावर आहे. मामा नाहीत."

"मग ये की माघारी," व्याही म्हणाले.

"कसा येऊ? लिलावाच्या रांगेत आहे. पुढे पिकअप, मागे पन्नास ट्रॅक्टर. एक व्यापारी गाडीची फुलं हातात घेऊन भाव विचारून गेला."

आत्तापर्यंत व्याही खुर्चीत ताठ बसून होते. कोमट चहापासून उलट्या ठिपक्यापर्यंत सगळा हिशेब त्यांनी मनात मांडून ठेवला होता आणि तो बोलून दाखवायची वेळ जवळ आली होती. आता त्यांचा चेहरा असा उतरला, की फेटा मोठा दिसू लागला. ते हळूहळू दाजींपाशी आले आणि त्यांनी हात जोडले.

"पाहुणे, माफी असावी. आमच्यामुळे उशीर होतोय."

दाजी तीन महिने माफी मागायचा सराव करत होते. माफी स्वीकारायचा सराव त्यांना अजिबात नव्हता. ते आधी गोंधळले. मग त्यांनी ताईकडे पाहिलं, पाठ ताठ केली आणि म्हणाले, "असू द्या. होतं असं कधीकधी. मुलगा तुमचा लहान आहे अजून."

भटजींनी पंचांग उघडून संध्याकाळचा गोरज मुहूर्त काढला. मास्तरांनी जाहीर केलं, की मुलीचे मामा वेळेवर हजर असून नवरदेव लिलावात आहेत, तरी मंडळींनी जेवून घ्यावं. मंडळींची त्याला मुळीच हरकत नव्हती.

गोरक्ष कपडे बदलून, फेटा बांधून नवरीच्या खोलीत गेला. निकिता शालूत घामेजून बसली होती. त्याला पाहताच ती उठली आणि लहानपणी बिलगायची तशी बिलगली.

"निकी, चुकलो मी," तो म्हणाला. "माझ्यापायी तुझा नवरदेव कांद्यात अडकला."

"मी नव्हतं पाठवलं त्यांना, मामा," ती म्हणाली. "मी रडत होते, ते त्यांना कुणीतरी सांगितलं. तर निरोप आला, रडू नको म्हणावं, आपला मामा आपणच आणू. आपला म्हणाले."

गोरक्षने उगाच फेट्याचा शेमला पुढून मागे आणि मागून पुढे केला.

उन्हं कलता कलता निळा ठिपका लासलगावहून हलला आणि सगळा मांडव पुन्हा फोनवर वाकला. या वेळी दिशा बरोबर होती. भिकनचा कांदा विकला गेला, पण मोटार ट्रॅक्टरांत अडकलेलीच होती; ती तिथेच सोडून संतोष भिकनच्या पिकअपमध्ये निघाला होता. तो फाटकातून आत आला तो पिकअपच्या हौद्यात उभा राहून, एका हाताने मुंडावळ्या आणि दुसऱ्या हाताने सायकल सावरत. वाजंत्रीवाल्यांनी दम लावून वाजवलं.

उतरल्यावर संतोष आधी गोरक्षच्या पाया पडला आणि वाकल्या वाकल्या हळूच म्हणाला, "मामा, दोन्ही चाकं बसलीत. आणि भिकनभाऊंनी सगळं सांगितलं."

"आता?" गोरक्षने तितक्याच हळू विचारलं.

"आता काही नाही."

गोरक्षने निकिताला हाताला धरून मांडवात आणलं. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं झाली, आणि तिच्या मागे उभा राहून मामा इतका रडला, की अक्षता टाकायच्या त्याच्या मुठीतच राहिल्या.

खरी पंचाईत पुढे पंगतीत झाली. व्याह्यांनी शाल आणि नारळ मागवला आणि मास्तरांच्या हातातून माइक घेतला. "हा माणूस नाशिकहून सायकल मारत आला. यंत्र चुकलं, पण माणूस चुकला नाही. वेळेवर हजर. आणि आमचे चिरंजीव मोटारीत बसून हरवले. मामांचा आदर्श घ्या म्हणतो मी."

टाळ्या झाल्या. बिचारं यंत्र अख्ख्या दिवसात एकदाही चुकलं नव्हतं, हे फक्त तिघांना ठाऊक होतं. त्यातला तिसरा, भिकन, संतोषच्या शेजारच्या पानावर बसून कबूल केल्याप्रमाणे दुसऱ्यांदा जेवत होता. व्याह्यांची नजर त्याच्यावर गेली.

"आणि हे आमचे पाहुणे, ज्यांनी नवरदेव सुखरूप आणला. बोला भाऊ, दोन शब्द. आमच्या मामांची सायकल तुमच्याकडे आली तरी कशी?"

"त्याचं काय झालं," भिकनने सरळ मनाने तोंड उघडलं, "सकाळच्या पारी हे मामा काट्यात..."

संतोषने त्या उघड्या तोंडात जिलबी घातली. जिलबी मोठी होती. भिकनने ती चावली, गिळली, पाणी प्यायला आणि पुन्हा तोंड उघडलं. संतोषने दुसरी उचलली.

"बघा, बघा," व्याही कौतुकाने म्हणाले. "पाहुण्याला आग्रह करावा तर असा."

गोरक्ष शाल सावरत उठला, स्वतःच्या पानातल्या दोन्ही जिलब्या त्याने हातात घेतल्या आणि भिकनच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.